माझी बोट किती पळते?

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाकडे रिमोटवर चालणारी बोट आहे का? असेल तर तिच्या खोक्यावर वेगाचा एखादा आकडा नक्की छापलेला असेल. ताशी २० किलोमीटर, ताशी ३० किलोमीटर, असं काहीतरी. तो आकडा खरा आहे की नाही, हे तुम्ही कधी मोजून पाहिलंय? नाही ना? मीसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं तेव्हा असा काही घोळ घालून ठेवला की विचारू नका! तोच घोळ आज तुम्हांला सांगणार आहे.

गोष्ट आहे १९९४ सालच्या मे महिन्यातली. मी नुकतीच सातवीची परीक्षा दिली होती. आमचं घर कोल्हापुरात, रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. माझे मामा मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर आले ते माझ्यासाठी एक भलंमोठं खोकं घेऊनच. खोक्यात लाल-पांढऱ्या रंगाची, दीड फूट लांबीची बोट! शेपटाकडे छोटासा पितळी पंखा, आणि हातात धरायला लांब एरियल असलेलं रिमोट. बोटीत सहा पेन्सिल सेल घालायचे, बटण दाबायचं आणि काठावर उभं राहून हवी तिकडे वळवायची. त्या काळी आमच्या गल्लीत अशी वस्तू कुणाकडेच नव्हती. तेव्हा माझा रुबाब काय असेल, कल्पना करा.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, वेग ताशी २५ किलोमीटर. झालं! दोन दिवसांत तो आकडा मी सगळ्या गल्लीला पाठ करून दिला. दूधवाल्या काकांनासुद्धा सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या सायकलीपेक्षा जोरात की रं!" मी मान डोलावली.

सुट्टीत माझा आत्तेभाऊ गडहिंग्लजहून आमच्याकडे राहायला यायचा. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, म्हणून त्याला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा बोलायला कमी, पण एखादी गोष्ट विचारली की नेमकी दुखऱ्या जागी लागायची. बोट बघून तो हरखला. खाली वाकून पंखा बघितला, सुकाणू हलवून बघितलं. मी २५ किलोमीटरचं पुराण सुरू केल्यावर मात्र त्यानं एवढंच विचारलं, "तू मोजलंस काय?"

मी म्हणालो, "मोजायचं काय त्यात? खोक्यावर छापलंय की!"

"छापलंय ते खरं. पण मोजलंस काय?"

आता आली का पंचाईत! दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही बोट मोजायला रंकाळ्यावर गेलो.

वेग मोजणं तसं सोपं असतं. ठरावीक अंतर कापायला किती सेकंद लागले ते बघायचं आणि अंतराला वेळेनं भागायचं. मीटर भागिले सेकंद केलं की दर सेकंदाला किती मीटर ते कळतं, आणि त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. (हे ३.६ कुठून आलं? तासाचे सेकंद ३६००, किलोमीटरचे मीटर १०००. करा भागाकार!) आम्ही काठाच्या दगडी कट्ट्यावरून २० पावलं चाललो, दोन्ही टोकांना खडूनं रेघा मारल्या आणि ठरवून टाकलं, हे झाले २० मीटर. अण्णा रिमोट घेऊन पहिल्या रेघेवर उभा राहायचा आणि बोट समोरून गेली की "हां!" असं ओरडायचा. ते ऐकून मी दुसऱ्या रेघेवर मनगटी घड्याळातलं स्टॉपवॉच सुरू करायचं आणि बोट माझ्या समोर आली की बंद करायचं.

इथं तुम्हांला एक गुपित सांगतो. आदल्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मी एक गणित करून ठेवलं होतं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ६.९ मीटर. म्हणजे २० मीटर जायला २.९ सेकंद लागले पाहिजेत. प्रयोग व्हायच्या आधीच उत्तर माझ्या खिशात तयार होतं!

अण्णा ओरडला, "हां!" मी बटण दाबलं. बोट आली, माझ्या समोरून गेली. मी पुन्हा बटण दाबलं. घड्याळात आकडा होता ५.१.

अण्णा लांबून ओरडला, "किती?"

आणि मित्रांनो, माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन पूर्णांक नऊ!"

ओरडता ओरडता मी घड्याळातला आकडा पुसूनही टाकला. अण्णा वही घेऊन आला आणि माझ्यासमोर बसून त्यानं अगदी वळणदार अक्षरात लिहिलं, "अंतर २० मीटर, वेळ २.९ सेकंद." मग गुणाकार-भागाकार करून म्हणाला, "जवळजवळ पंचवीस. खरंच की!" त्याचा चेहरा एवढा खुलला होता, की मला घसा कोरडा पडल्यासारखं झालं. पण आता मागं कसं फिरणार?

घरी गेल्यावर ती वही अण्णानं आबांना दाखवली. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी सारा जन्म पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम केलं होतं. कालवे, बंधारे, शेतं, सगळं त्यांनी साखळी आणि टेप घेऊन पायाखाली घातलं होतं. आबांनी चष्मा लावून वही वाचली आणि विचारलं, "२० मीटर कशानं मोजले?"

"पावलांनी," अण्णा म्हणाला.

"अस्सं. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी आबांची स्वारी निघाली. खांद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या चार काठ्या, हातात कातडी घरातला टेप. आमच्या हातांत मातीनं भरलेले डालड्याचे चार डबे, कारण दगडी कट्ट्यात काठी कशी रोवणार? आधी आबांनी आमची २० पावलं टेपनं मोजली. किती भरली असतील? १३.४ मीटर! आमची पावलं ती केवढी! म्हणजे माझं खोटं खरं मानलं, तरी १३.४ ला २.९ नं भागून ३.६ नं गुणल्यावर ताशी साडेसोळाच्या आसपासच उत्तर येत होतं. माझी थाप नुसत्या टेपनंच एक तृतीयांश कापून टाकली.

मग आबांनी आम्हांला एक फार सुंदर गोष्ट शिकवली. त्यांनी विचारलं, "बोट रेघेवर आली हे तुम्ही कसं ठरवता?" आम्ही म्हणालो, "समोर दिसली की." त्यांनी मला एक पाऊल उजवीकडे उभं केलं, मग एक पाऊल डावीकडे. समोर तरंगणारा तोच पालापाचोळा एकदा रेघेच्या पुढं दिसला आणि एकदा मागं! बोट काठापासून आठ-दहा मीटर लांब पळते, त्यामुळं आपण जरासे सरकलो किंवा तिरकं पाहिलं तरी फसगत होते.

यावर आबांचा उपाय असा. प्रत्येक टोकाला दोन काठ्या. एक पाण्याच्या कडेला, दुसरी तिच्या सरळ मागं चार-पाच पावलांवर. आपण मागच्या काठीच्या मागं उभं राहायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. दोन्ही काठ्या एकमेकींच्या आड जाऊन एकच दिसली, की आपली नजर बरोबर रेषेत आली. त्या रेषेला बोटीचं नाक लागलं की बटण दाबायचं. आता डोळ्याला चूक करायला जागाच नाही! आबा म्हणाले, खऱ्या जहाजांचा वेगही असाच तपासत. किनाऱ्यावर खांबांच्या दोन जोड्या असत, त्यांच्यामधलं अंतर एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. जहाज दोन्ही जोड्यांसमोरून पूर्ण वेगानं न्यायचं आणि वेळ मोजायची.

पूर्ण वेगानं, हे महत्त्वाचं बरं का! आमची बोट आदल्या दिवशी रेघेच्या अगदी जवळून सुटत होती. आबांनी ती पंधरा मीटर मागून सोडायला लावली. रेषेवर येईपर्यंत तिनं आपला सगळा वेग धरलेला असला पाहिजे, नाहीतर आपण वेग मोजत नाही, वेग धरायला लागलेला वेळ मोजतो.

टेपनं बरोबर २० मीटर आखले. अण्णा पहिल्या काठ्यांशी, मी दुसऱ्या काठ्यांशी. आणि आबा? ते येऊन उभे राहिले माझ्या शेजारी. घड्याळावर नजर ठेवून. आता बोला!

"हां!"

७.२ सेकंद. म्हणजे ताशी १० किलोमीटर.

"आता उलटी आणा," आबा म्हणाले. बोट परत फिरली. आता वारा समोरून होता, बारीक लाटा नाकावर आपटत होत्या. ९ सेकंद. म्हणजे ताशी ८.

वाऱ्याबरोबर १० आणि वाऱ्याविरुद्ध ८. मग बोटीचा खरा वेग कुठला? दोन्हींची सरासरी, ९. एका बाजूला वारा जेवढी मदत करतो, साधारण तेवढाच दुसऱ्या बाजूला अडवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मोजल्याशिवाय वेग सांगायचा नाही.

ताशी ९ किलोमीटर! दूधवाल्या काकांची सायकल राहू द्या, जोरात पळणारा मुलगासुद्धा माझ्या बोटीच्या पुढं गेला असता.

आबांनी वही उघडली. "काल १३ मीटरला २.९. आज २० मीटरला ७.२. एका रात्रीत बोट एवढी दमली कशी?"

मी खाली बघत होतो. कान गरम झाले होते. आणि मग मी ते केलं, ज्यासाठी खरं म्हणजे हा लेख लिहितोय. मी म्हणालो, "काल अण्णा उशिरा ओरडला असणार."

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. काही बोलला नाही. रिमोट माझ्या हातात दिलं आणि डबे उचलायला लागला. दुपारी जेवतानाही गप्पच. तिसऱ्या दिवशी "आईची आठवण येते" असं सांगून एसटीनं गडहिंग्लजला निघून गेला. दर वर्षी तो पुरा महिना राहायचा.

आबा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी पाटीवर एक गणित मांडलं. "बोट सेकंदाला अडीच मीटर जाते. घड्याळ दोन-सव्वादोन सेकंद उशिरा सुरू झालं, असं तू म्हणतोस. म्हणजे बोट पाच-साडेपाच मीटर पुढं गेल्यावर अण्णा ओरडला. एवढी लांब जाईपर्यंत त्याला दिसली नसेल होय रे?" आणि पाटी तिथंच ठेवून ते फिरायला निघून गेले.

त्या पाटीशेजारी मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मित्रांनो, खोटं बोलताना मला वाटलं होतं, हा नुसता आकडा आहे. आकड्याला काय दुखणार आहे? पण एक खोटा आकडा टिकवायला दुसरं खोटं लागलं, आणि ते दुसरं खोटं एका माणसावर जाऊन पडलं. आणि तो माणूस तर अगदी वेळेवर ओरडला होता.

रात्री आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्याच्या नावावर घातलंस, त्याला सांग." मग मी पोस्टकार्ड लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा एवढंच लिहिलं, "अण्णा, घड्याळात ५.१ होते. मी २.९ सांगितले. तू बरोबर वेळेवर ओरडला होतास."

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यातही दोनच ओळी. "मला ठाऊक होते. मी मनात एक-दोन-तीन मोजत होतो, पाचपर्यंत गेलो होतो. दिवाळीत येतो. सेल आणून ठेव."

म्हणजे बघा, त्याला पहिल्या दिवसापासून शंका होती. तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानं वहीत २.९ लिहिलं होतं. पोस्टकार्ड वाचून मला आनंदही झाला आणि आदल्यापेक्षा जास्त लाजही वाटली.

दिवाळीत अण्णा आला. आबांनी आधी वही काढायला लावली. मी खोडरबर शोधायला लागलो, तर ते म्हणाले, "खोडरबर नको. मोजणीच्या वहीत खोडायचं नसतं. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहायचं." मी २.९ वर रेघ मारली आणि शेजारी ५.१ लिहिलं. ती रेघ अजूनही त्या वहीत आहे.

आणि मग खरी मजा सुरू झाली! आम्ही बोट दहा वेळा पळवली. पाच वेळा इकडून, पाच वेळा तिकडून. सरासरी आली पुन्हा ९ च्या आसपास. आता आबा म्हणाले, "आकडा पक्का झाला. आता तो वाढवा बघू." पण अट घातली, एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले तर कशामुळं फरक पडला ते कळणार नाही. आणि दर वेळी सेल नवे घालायचे, कारण सेल उतरत गेले की वेगही उतरत जातो.

अण्णानं बोट उलटी करून पंख्याचा दांडा बघितला. रंकाळ्यातल्या शेवाळाचे धागे आणि कुणाचा तरी पतंगाचा मांजा, असा गुंता त्याला करकचून आवळून बसला होता. सुईनं तो सगळा काढला. मोजलं. ९ चे १० झाले! आम्ही कट्ट्यावर नाचलोच. मग माझ्या लक्षात आलं, की पळताना बोटीचं नाक पाण्यात घुसतंय आणि पाणी ढकलत चाललंय. सेलची पेटी दोन बोटं मागं सरकवली, नाक जरा वर आलं. पुन्हा मोजलं. वाऱ्याबरोबर ६ सेकंद, म्हणजे ताशी १२. वाऱ्याविरुद्ध ७.२, म्हणजे १०. सरासरी ११!

आता विचार करा. वहीत २.९ तसंच राहिलं असतं, तर बोटीचा वेग आमच्या लेखी आधीच २५ होता. मग ९ चे १० झाले, १० चे ११ झाले, हे आम्हांला कधी कळलंच नसतं. तो पंखा तसाच गुंत्यात फिरत राहिला असता. खोट्या आकड्याची ही खरी अडचण आहे. त्यावर चढायला पुढची पायरीच नसते.

पुढं मोठा झाल्यावर बोटी आणि वेग यांबद्दल मी मिळेल ते वाचत गेलो. तुम्हांला ठाऊक आहे? बिनतारी लहरींवर दुरून चालवलेली जगातली पहिली वस्तू म्हणून जिचं नाव घेतात, ती बोटच होती. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानं १८९८ साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात ती लोकांना चालवून दाखवली होती. जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये सांगतात, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. नॉट म्हणजे गाठ. पूर्वीचे खलाशी दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारत. दोरीच्या टोकाला लाकडाची फळी बांधून ती पाण्यात टाकत आणि २८ सेकंदांची वाळूची घटिका उलटी करत. तेवढ्या वेळात हातातून जितक्या गाठी सरकतील, तितके नॉट. म्हणजे माझी ताशी ९ किलोमीटरची बोट झाली जेमतेम पाच गाठींची!

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती डोनाल्ड कॅम्बेल या इंग्रज माणसाची हकिकत. पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम ठरवताना एक किलोमीटरचं मोजलेलं अंतर दोन्ही दिशांनी कापावं लागतं आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. अगदी आबांचाच नियम! ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन तलावावर कॅम्बेलच्या 'ब्लूबर्ड'नं जाताना ताशी सुमारे ४७९ किलोमीटर वेग गाठला. येताना मात्र बोट हवेत उचलली गेली, उलटली आणि कॅम्बेल मृत्यू पावला. परतीची फेरी पूर्ण झाली नाही, म्हणून तो वेग विक्रमात धरला गेला नाही. पुढं ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीनं घराच्या अंगणात बांधलेल्या बोटीतून दोन्ही बाजूंची सरासरी ताशी ५११ किलोमीटर काढली. त्यानंतर कित्येक दशकं तो विक्रम कुणाला मोडता आला नाही. अमेरिकेत छोट्या रिमोट बोटींचे विक्रम ठरवतात तेही ३३० फुटांच्या सरळ अंतरावर, दोन्ही बाजूंनी पळवूनच.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे काठ्या आणि डबे कशाला? हल्ली मोबाइल आहे, जीपीएस आहे! खरं आहे. काडेपेटीएवढं जीपीएसचं यंत्र बोटीत ठेवलं की ते उपग्रहांच्या लहरींवरून वेग सांगतं. गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं त्याच्या बोटीत असंच यंत्र ठेवलं होतं. बोट परत आल्यावर तो ओरडतच आला, "मामा, ६१! ताशी ६१!" मी ते यंत्र घेऊन सगळी नोंद उघडून बघितली. संपूर्ण वेळ वेग ३१ ते ३३ च्या मध्ये, आणि फक्त एकदाच, एका क्षणाला, ६१. त्या क्षणी काय झालं होतं? वळणावर बोट उलटली होती. यंत्र पाण्याखाली गेलं, उपग्रहांशी संबंध तुटला आणि पुन्हा जुळताना आकडा भलतीकडेच उडाला.

भाचा नोंदीकडे बघत गप्प बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मित्रांना ६१ सांगितलं असतं तर कुणीच तपासायला गेलं नसतं. यंत्रानं दाखवलेला आकडाच होता ना! थोड्या वेळानं तो म्हणाला, "मामा, ३२ लिहू?" मी म्हटलं, "लिही. आणि ६१ पण लिही. त्यावर एक रेघ मार."

तर दोस्तांनो, तुमची बोट असेल तर जरूर मोजा. बोट नसेल तर कागदाची होडी ओढ्यात सोडून ओढ्याचा वेग मोजा, रीत तीच. अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. दोन-दोन काठ्यांच्या रेषा आखा. बोट आधीपासून पूर्ण वेगात असू द्या. दोन्ही बाजूंनी पळवा आणि निदान पाच-पाच वेळा. बोट फार जोरात पळणारी असेल तर अंतर वाढवा. बटण दाबताना आपला हात साधारण एक पंचमांश सेकंद इकडंतिकडं होतोच. माझ्या बोटीला आठ सेकंद लागायचे, तिथं तेवढ्यानं बिघडत नव्हतं. पण ताशी १०० किलोमीटर वेगाची बोट २० मीटर पाऊण सेकंदात पार करते, तिथं तेवढी चूक म्हणजे पाव हिस्सा झाला! मोबाइलवर चित्रण करणार असाल तर आणखी छान. त्यात बहुधा सेकंदाला ३० चित्रं असतात. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत किती चित्रं झाली ती मोजा आणि ३० नं भागा, की सेकंद हातात.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही. बोट मध्येच बंद पडली तर तिच्यामागं पाण्यात उतरायचं नाही, मग ती कितीही महाग असो. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून तर पाय असा घसरतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आम्ही टेनिसच्या चेंडूला मासे धरायची बारीक दोरी बांधून ठेवायचो. चेंडू बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळूहळू ओढायची, बोट आपोआप काठाला येते. नाहीच आली, तर वारा कधी ना कधी आणून देतोच. आम्ही एकदा चार तास वाट बघितली होती, भेळ खात!

तुमच्या बोटीचा वेग किती आला, ते मला या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आकडा लहान आला तरी चालेल. माझा ९ होता.